थंड मुलखातील सोयाबीन आणि रानातील धसकटे

आपल्याकडे सोयाबीनची पेरणी अडते ती पावसासाठी. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात ती अडते उन्हासाठी. हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी गोठते. मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याचे भय असते आणि सप्टेंबर सरता सरता ते पुन्हा येते. मधल्या जेमतेम चार-साडेचार महिन्यांत पीक पेरून घरात आणायचे. फार उशीर झाला, तर शेंगा भरण्याआधीच गारठा पिकाला गाठतो.

तिथे पुष्कळ ठिकाणी मक्याच्या बेवडावर सोयाबीन घेतात. मका एकरी ४५ क्विंटलांच्या आसपास पिकतो, आणि साधारण तितक्याच वजनाची ताटे, पाने व दाणे काढलेली कणसे रानात उरतात. हे जाड पांघरूण जमिनीला ऊन लागू देत नाही आणि ओलही उडू देत नाही. मग वाफसा लांबतो. सोयाबीन नीट उगवायला माती निदान १० अंश सेल्सिअस ऊबदार हवी. थंड चिखलात बी कुजते.

मग सारे जाळून किंवा नांगरून का टाकू नये? त्याचे उत्तर तिथल्या इतिहासात आहे. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण पडले, तेव्हा अमेरिकेच्या मध्यभागी नांगरून उघड्या टाकलेल्या जमिनींची माती वाऱ्याने उडून गेली आणि हजारो कुटुंबांना गाव सोडावे लागले. शिवाय काड जाळले की त्यातील नत्राचा मोठा भाग धुरावाटे जातो.

म्हणून शहाणे शेतकरी मधली वाट धरतात. पहिले काम कापणीच्या वेळचे. यंत्रामागे काड एकाच पट्ट्यात पडू न देता ते साऱ्या रुंदीभर सारखे पसरवायचे. दुसरे, थंडीपूर्वी फक्त तासाच्या जागी वीतभर रुंद पट्टा मोकळा करायचा. बाकी रान झाकलेलेच. उघडी काळी माती वसंतात लवकर तापते. तिसरे, पेरणीयंत्रापुढे दातेरी चाके लावून काड बाजूला सारायचे, आणि काड वाळून कुरकुरीत झाल्यावरच पेरायचे. ओले काड तुटत नाही, चाकाखाली दबून बियाबरोबर तासात शिरते. बी मातीला टेकत नाही आणि उगवण तुटक होते.

आणखी एक गोष्ट. काड कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात, म्हणून अशा रानात तृणधान्य पिवळे पडते. सोयाबीन मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र मिळवते, त्यामुळे त्याला ही झळ कमी लागते.

शिक्षक मित्रांना हे शाळेत दाखवता येईल. दोन कुंड्यांत सारखीच ओली माती भरा, एकीवर वाळले गवत पसरा, दोन्ही उन्हात ठेवा. दुपारी दोन इंच खोल उष्णतामापक घाला. फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.

लातूरकडे वा विदर्भात जूनमध्ये जमीन थंड नसते, तेव्हा काड हटवण्याची ती घाई आपल्याला नाही. उलट पहिल्या झोडपणाऱ्या सरींपासून तेच माती वाचवते. आधीच्या गव्हाचे काड जाळू नका. यंत्राने कापणी केली असेल, तर ढीग पसरून टाका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर पेरा, आणि दोन-चार ठिकाणी तास उकरून बी मातीला टेकले आहे ना, एवढे जरूर पाहा.