एकआसनी मोटर ग्लायडर : वजनाचे गणित

पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रात विद्यार्थ्यांची ग्लायडरे विंचच्या साहाय्याने, म्हणजे लांब तार वेगाने गुंडाळणाऱ्या यंत्राने, आकाशात चढविली गेली. तार सुटल्यावर उष्ण हवेचा ऊर्ध्वप्रवाह न सापडल्यास काही मिनिटांतच खाली यावे लागते आणि पुन्हा माणसे व यंत्र जमवावी लागतात. हे परावलंबन टाळण्यासाठी ग्लायडरलाच लहान इंजिन जोडण्याची कल्पना पुढे आली.

भारतात या क्षेत्राची परंपरा जुनी आहे. बेंगळूरु येथील हिंदुस्थान एअरक्राफ्टचा पहिला स्वतंत्र आराखडा १९४१ मधील जी-१ हे ग्लायडरच होते. स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक विभागाच्या तंत्रकेंद्राने दोन आसनी ‘रोहिणी’ व एकआसनी ‘कार्तिक’ ही लाकडी ग्लायडरे सिद्ध केली. याच केंद्राचे एमजी-१ हे दोन आसनी मोटर ग्लायडर १९८० च्या दशकातील. ते मात्र एकच तयार झाले.

एकआसनी विमानाला किती शक्ती लागेल? विमान १२० किलो, वैमानिक व त्याचे साहित्य १०० किलो, आणि इंजिन बंद असताना खाली येण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर मानू. वजन व या वेगाचा गुणाकार केल्यास समपातळीत उडण्यासाठी जेमतेम १.७ किलोवॅट शक्ती पुरते. सेकंदाला दोन मीटर चढायचे तर आणखी ४.३ किलोवॅट लागतात. प्रोपेलरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर इंजिन दहा किलोवॅटचे हवे. दीडशे सीसीच्या मोटारसायकलचे असते साधारण तेवढेच. सहाशे मीटर उंचीसाठी ते पाच मिनिटे चालेल. विद्युत मोटर वापरल्यास मोटरमधील घट धरून एका चढाईला सुमारे एक किलोवॅट-तास ऊर्जा, म्हणजे किलोमागे १५० वॅट-तास साठविणाऱ्या बॅटरीचे सात किलो वजन लागते. तासन्‌तास उडणाऱ्या विमानाला बॅटरी जड पडते, येथे पडत नाही.

खरी अडचण पंखात आहे. पंख लांब केल्यास हवेचा अवरोध घटतो. पण मुळाशी वाकविणारे बल वाढते, त्यासाठी मुख्य तुळई जाड करावी लागते आणि वाचविलेले वजन परत येते. कार्बन तंतूंमुळे ही कोंडी बरीच सुटली. स्वित्झर्लंडच्या ‘आर्किऑप्टेरिक्स’ या एकआसनी ग्लायडरचे मूळ रिकामे वजन अवघे ५४ किलो आहे. थांबलेला प्रोपेलरही अवरोध करतो. तो मिटविण्याची यंत्रणा बसविली की पुन्हा वजन वाढते.

एकआसनी विमानात वैमानिक हाच सर्वांत जड सुटा भाग असतो, ही गोष्ट आराखडा करताना सहज विसरली जाते. वैमानिक गुरुत्वमध्याच्या पुढे बसत असल्याने ९० किलोच्या माणसाऐवजी ५० किलोचा छात्र बसला, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो व विमान अस्थिर होते. अशा वेळी आसनाजवळ शिशाचे वजन ठेवावे लागते. म्हणून मोटर व बॅटरी कोठे ठेवायची, हा निर्णय पंखांचा आकार ठरविण्याबरोबरच घ्यावा लागतो.