शेवाळ खाणाऱ्या लहान माशांचे अन्न व निवारा

शेतीस जोड म्हणून शोभिवंत मासे पाळण्याचा उद्योग आता खेड्यापाड्यांतूनही होऊ लागला आहे. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्या काळी काचेच्या पेटीतील मासा ही बहुतेकांच्या लेखी शहरात जाऊन पाहण्याची वस्तू होती. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनासही अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे नवशिक्यासही साधतात. परंतु टाकीतील शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवतो म्हणून हौसेने आणलेला ओटोसिंक्लस नावाचा लहानसा मासा पुष्कळांच्या हातून जगत नाही. दुकानदार त्यास नुसते ‘ओटो’ म्हणतात. आणल्यावर काही आठवड्यांतच एकेक मासा मरू लागतो, मालकास रोगाचा संशय येतो आणि तो टाकीत औषधे ओतू लागतो. वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा रोग नसतोच. मासा उपासमारीने मेलेला असतो, आणि तीही अगदी स्वच्छ, चकचकीत टाकीत.

हे कसे घडते ते समजण्यासाठी या माशाचे मूळ ठिकाण पाहिले पाहिजे. ओटोसिंक्लस हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी. एडवर्ड कोप या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७१ साली या गटास हे नाव दिले. पेरू, कोलंबिया, ब्राझील, पॅराग्वे इत्यादी देशांतील संथ ओढ्यांच्या व नद्यांच्या काठांशी, पाण्यात बुडालेल्या गवताला व पानांना चिकटून हे मासे थव्याने राहतात. लांबी बहुधा तीन ते चार सेंटिमीटर. अंगावर खवल्यांऐवजी हाडासारख्या कठीण पट्ट्या असतात. तोंड खालच्या बाजूस असून ते चोषकासारखे असते. त्या तोंडाने मासा पानावर घट्ट धरून राहतो आणि दातांच्या बारीक ओळींनी पानावरील कोवळा थर दिवसभर खरवडून खातो. या थरात हिरवे व तपकिरी सूक्ष्म शेवाळ असते आणि त्यात राहणारे सूक्ष्म जीवही असतात. असे अन्न पोषणास हलके पडते. म्हणून गाय जशी रवंथाचा वेळ सोडल्यास चरतच असते, तसा हा मासा उजेड असेपर्यंत चरत असतो. एक वेळचे पोटभर जेवण देऊन त्याचे भागत नाही.

आपल्याकडे विक्रीस येणारे ओटो बहुधा नदीतून पकडलेले असतात. पकडणे, साठवण, विमानप्रवास, घाऊक व्यापारी आणि मग दुकान अशा मजला करीत तो आपल्या हाती येतो, आणि या वाटेत त्याला खाण्यासारखे फारसे काही मिळालेले नसते. अशा अर्धपोटी माशास आपण नव्या, धुऊन पुसून घेतलेल्या टाकीत सोडतो. तेथे चाटायलाही काही नसते. मोठ्या टाकीत शेवाळ असले तरी सहा मासे ते आठवड्याभरात संपवितात. काच स्वच्छ झाली म्हणून मालक समाधान पावतो, पण माशांचे उपास त्याच दिवसापासून सुरू होतात.

याकरिता खरेदीच्या वेळीच पोट पाहण्याची सवय लावावी. मासा काचेला चिकटला की त्याचे पोट आपल्याकडे होते, हा मोठाच सोयीचा भाग आहे. पोट किंचित फुगीर व गोलसर असावे. पोट सपाट असलेला मासा शक्यतो घेऊ नये आणि खपाटीला गेलेला तर मुळीच घेऊ नये. फार दिवस उपाशी राहिलेला मासा पुढे अन्न मिळाले तरी सावरतोच असे नाही. दुकानात माल आला त्याच दिवशी खरेदी करण्याची घाई करू नये. आठवडाभर थांबून जे मासे तगले व जे काच खरवडताना दिसतात तेच निवडावेत.

अन्न

या माशाच्या पोषणाचा खरा पाया म्हणजे शेवाळ, आणि ते पिकविता येते. शेतकऱ्यास ‘शेवाळाचे पीक’ हा शब्दप्रयोग चमत्कारिक वाटेल, पण कामाची रीत पिकाचीच आहे. उथळ टब किंवा जुनी घमेली घेऊन त्यांत ओढ्यातील गुळगुळीत काळे दगड अथवा कौलाचे तुकडे ठेवावेत. माशांच्या टाकीतून बदलताना काढलेले पाणी त्यांत ओतावे. त्यात माशांच्या विष्ठेतून आलेला नत्र असतो, तोच या पिकास खत होतो. टब उन्हात ठेवले असता साधारणतः आठवड्या-दोन आठवड्यांत दगडांवर हिरवा किंवा तपकिरी मऊ थर धरतो. दगडांच्या पाच-सहा तुकड्या करून पाळीपाळीने टाकीत ठेवाव्यात व चाटून साफ झालेले दगड पुन्हा उन्हात टाकावेत, म्हणजे टाकीत रोज ताजे कुरण राहते. वैशाखात टबावर विरळ सावली करावी. पाणी आटून दगड कोरडे पडले की थर मरतो. टबाच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधलेच पाहिजे, नाहीतर माशांच्या अन्नाबरोबर डासांचीही पैदास होईल.

दगड निवडताना त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आल्यास त्यात चुना आहे असे समजून तो बाजूस ठेवावा, कारण त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. सगळेच शेवाळ हा मासा खातो अशीही समजूत नसावी. केसांसारखे लांब तंतू, काळे झुबके किंवा निळसर हिरवा वास मारणारा थर यांना तो बहुधा तोंड लावीत नाही.

शेवाळास जोड म्हणून भाजी द्यावी. काकडी, दुधी, कोवळा दोडका यांची जाड चकती किंवा पालकाचे पान उकळत्या पाण्यातून एक-दोन मिनिटे काढून, थंड करून, लहान दगडाने टाकीच्या तळाशी दाबून ठेवावे. प्रथम दोन-तीन दिवस मासे भाजीकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. तेवढ्यावरून त्यांना ती आवडत नाही असे ठरवू नये, रोज नवी चकती ठेवीत जावे. एका माशाने तोंड लावले की बाकीचे येतात. चकती चोवीस तासांहून अधिक काळ पाण्यात राहू देऊ नये, ती कुजून पाणी बिघडते. बाजारात शेवाळयुक्त गोळ्याही मिळतात, त्या दिवे मालवण्याच्या सुमारास थोड्या द्याव्यात. इतर माशांचे उरलेसुरले कोरडे खाद्य खाऊन ओटो जगेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

येथे शेतकरी बंधूंना एक इशारा द्यावासा वाटतो, कारण शहरी हौशी मनुष्यापेक्षा हा धोका त्यांच्याच दारात अधिक असतो. फवारणी केलेल्या वाफ्यातील भाजी माशांस घालू नये. आपल्या जेवणाला चालणारा कीटकनाशकाचा अंश या बोटभर जिवाला मारक ठरू शकतो. बोर्डो मिश्रणाची बादली, मोरचूद कालवलेले भांडे, फवारणीच्या पंपाची नळी यांतले काहीही माशांच्या कामी वापरू नये. तांबे शेवाळासही मारते आणि माशासही. याच कारणाने तांबेयुक्त औषधेही टाकीत घालू नयेत, आणि मिठाचा सढळ वापरही टाळावा. माशांच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात.

निवारा

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते, त्यात सहा ते आठ ओटो सुखाने राहतात. एकटादुकटा ठेवू नये. हा थव्याचा मासा आहे, एकटा पडला की पानामागे दडून राहतो व चरणे सोडतो. तळाशी बारीक वाळू, रुंद पानांच्या पाणवनस्पती, एखादे भिजून जड झालेले लाकूड आणि स्पंजाची गाळणी चालवणारा हवापंप एवढे साहित्य पुरते.

टाकी भरल्याबरोबर मासे सोडणे हीच सर्वांत महागात पडणारी घाई होय. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निर्माण होतो. विशिष्ट जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. शेतात अमोनियायुक्त खत टाकल्यावर जमिनीत जी क्रिया घडते तीच ही. जमिनीत हे जिवाणू आधीपासून नांदत असतात, नव्या टाकीत ते नसतात व त्यांची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषे साचतात. म्हणून प्रथम चार-दोन काटक मासे ठेवून किंवा जुन्या टाकीतील वापरता स्पंज आणून टाकी ‘मुरू’ द्यावी. तपासणीत ही दोन्ही द्रव्ये शून्य आली आणि काचेवर तपकिरी थर धरला म्हणजे ओटो आणण्यास हरकत नाही. तो थर पुसून काढण्याचा मोह आवरावा.

पाण्याचा सामू सहा ते साडेसातच्या दरम्यान आणि तापमान २२ ते २६ अंश सेल्सियस असावे. आपल्याकडील पुष्कळ कूपनलिकांचे पाणी जड असते, त्यात छपरावरून धरून ठेवलेले पावसाचे पाणी मिसळावे, मात्र पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविल्यावाचून ते वापरू नये. दर आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील टाकी तिशीच्या पुढे जाते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा ठिकाणी टाकी भिंतीच्या गारव्याला जमिनीलगत ठेवावी, भोवती ओले गोणपाट टाकावे, आणि वीज जाण्याच्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवापंप हाताशी असावा. ओटो अधूनमधून झपाट्याने वर येऊन हवेचा घोट घेतो, तेवढ्याने घाबरू नये. सगळे मासे वारंवार वर येऊ लागले तर मात्र पाण्यात दोष आहे हे ओळखून लगेच थोडे पाणी बदलावे.

नवे मासे पिशवीतून थेट टाकीत ओतू नयेत. पिशवीतील पाण्यासह त्यांना बादलीत घ्यावे आणि सलाइनच्या नळीने टाकीतील पाणी थेंबथेंब तासभर बादलीत पडू द्यावे. मग जाळीने मासे उचलून टाकीत सोडावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. ‘काच साफ करणारा मासा’ या एकाच नावाखाली दुकानातून भलतेच मासे गळ्यात मारले जातात. सकर म्हणून विकला जाणारा ठिपकेदार मासा विकत घेताना दोन बोटांएवढा असतो, पण वाढून दीड फुटाचाही होतो. टाकीत मावेनासा झाला म्हणून लोक तो तळ्यात सोडतात. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात व देशातील अन्य जलाशयांत अशाच रीतीने तो पसरला असून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. टाकीतील कोणताही मासा विहिरीत, शेततळ्यात वा ओढ्यात सोडू नये, हे प्रत्येक पालकास निक्षून सांगावे.

शेवाळ खरवडणारे मासे आपल्या ओढ्यांतही आहेत. दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली अशाच एका माशाचे शास्त्रीय नाव येथील लोकांच्या तोंडच्या ‘मळ्या’ या नावावरूनच ठेवले. पण त्यास वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि तो ओटोपेक्षा बराच मोठा होतो. लहान टाकीत ओटोच्या जागी त्याचा उपयोग नाही.

विक्रीसाठी ओटो आणून सांभाळणाऱ्यांनी माल आल्यापासून निदान तीन आठवडे तो वेगळ्या, शेवाळ धरलेल्या टाकीत ठेवावा, आणि काकडी खाऊ लागल्याखेरीज एकही मासा विकू नये. गिऱ्हाइकास मासे देताना सोबत शेवाळाचे दोन-तीन दगडही द्यावेत. ते माशांच्या पिशवीत घालू नयेत, वाटेत धक्क्याने मासे चिरडतात. ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात द्यावेत.