लायसन्स आहे हो, पण आज फिट आहात का?

हा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी बाजूला घ्या. एपिसोड कुठं पळून जात नाही.

तर, लायसन्स काढताना आपण सगळ्यांनी फॉर्म १ भरलाय. फिट येते का? अचानक चक्कर येते का? रातांधळेपणा आहे का? नाही, नाही, नाही, टिक, सबमिट. वय चाळिशीच्या आत आणि गाडी खाजगी असेल, तर एवढ्यावर भागतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे असं दिसतं: इन्स्टॉल करताना एकदा चेक, नंतर रोज स्टार्ट होताना काहीच नाही.

मानसिक फिटनेस म्हटलं की आपल्याकडे पुण्याची केस आठवते. २५ जानेवारी २०१२. एसटीचा ड्रायव्हर संतोष माने यानं स्वारगेट डेपोतून बस काढली आणि शहरभर बेफाम पळवली. ९ लोक गेले. कोर्टात वेडसरपणाचा बचाव टिकला नाही. फाशी झाली आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. पण कोर्टाचा प्रश्न फार अरुंद असतो बघा: आपण काय करतोय हे त्या क्षणी त्याला कळत होतं का? रस्त्यावरचा प्रश्न त्याहून खूप मोठा आहे. माणूस वेडा नसतो, पण थकलेला असतो, घरी भांडून निघालेला असतो, सर्दीची गोळी घेऊन पेंगत असतो.

कायद्यात याची सोय आहे बरं का. मोटार वाहन कायद्याचं कलम १८६: शरीरानं किंवा मनानं अनफिट आहोत हे माहीत असूनही गाडी चालवली, तर पहिल्यांदा १००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी २००० पर्यंत. आता चौकात उभा असलेला पोलीस तुमचं मन कसं तपासणार? दारूसाठी मशीन आहे, झोपेसाठी नाही.

आणि झोप ही दारूपेक्षा साधी नाही. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. आपल्याकडची मर्यादा ०.०३ आहे! म्हणजे शुक्रवारी सकाळी ७ ला उठून, हिंजवडीत दिवसभर काम करून, रात्री १२ ला नाशिककडे चाललेला आपला मित्र. थेंबभर न पिता.

यात मायक्रोस्लीप नावाची गोष्ट आहे. डोळे उघडे असले तरी मेंदू काही सेकंद ऑफलाइन जातो. समृद्धीवर ताशी १२० च्या वेगानं ४ सेकंद म्हणजे १३० मीटरच्या वर, आणि स्टिअरिंगवर कोणीच नाही. सरळसोट, एकसुरी रस्ता असला की हे आणखी सोपं होतं. रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शरीराचं घड्याळच आपल्याला खाली ओढतं. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात बस पेटली, १२ जण गेले, तेव्हा पहाटेचे सव्वापाच वाजले होते. झोपेमुळेच झालं असं मी म्हणत नाहीये. पण रात्रभराच्या प्रवासाचा तो सगळ्यात नाजूक तास असतो, एवढं नक्की.

मग थांबत का नाही आपण? कारण 'मला सवय आहे'. १९८१ मध्ये स्वेन्सन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल विचारलं, तर ९३ टक्के स्वतःला मधल्या ड्रायव्हरपेक्षा सरस समजत होते. गणितात हे बसतच नाही. द्वारका सर्कलला विचारून बघा, आकडा १०० वर जाईल! दुसऱ्यानं कट मारला तर तो नालायक, आपण मारला तर घाई होती.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं यानं थोडा वेळ बरं वाटतं, झोप जात नाही. चहा-कॉफीलाही चढायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून नारायणगावला थांबलात तर कॉफी आधी प्या, गाडी उजेडात, माणसांच्या वावरात लावा, सीट मागे टाका आणि २० मिनिटांचा अलार्म लावून झोपा. घरचे फोन करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा: उशीर होईल, जेवून घ्या.