दुकानातील छोटा सर्व्हर थंड कसा राहील?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी हिशेबाचा छोटा सर्व्हर बंद कपाटात असेल तर आतली हवा आणखी तापते, आणि पंखा प्रोसेसरला त्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोचले की आपोआप मंद होतात. उष्णता वाढतच राहिली तर यंत्र बंद पडते. ऐन गर्दीत बिले अडकतात, न साठवलेली नोंद जाते.

छोट्या पेटीतील छोटा पंखा वेगाने फिरतो, म्हणून आवाज करतो. १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा सावकाश, शांतपणे हलवतो. पेटी घेतानाच तो बसेल हे पाहावे. प्रोसेसर ६५ वॅटऐवजी ३५ वॅटचा घेतला तर मुळात उष्णताच कमी.

धुळ्यात यंत्रमागाचा तंतू, जळगावात जिनिंगचा कापूस पंख्यामागच्या धातूच्या पात्यांत अडकतो. दरमहा वीज बंद करून, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ करावे. पेटीमागे चार बोटे जागा सोडावी. कूलरची दमट हवा थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

उन्हाळ्यापूर्वी हिशेबाची एक प्रत वेगळी ठेवावी, हे व्यापारी बंधूंनी विसरू नये.