आईचा रक्ताचा कर्करोग उलटतो तेव्हा

रक्ताचा कर्करोग एकदा आटोक्यात आला, आई पुन्हा घरात हिंडूफिरू लागली, मुलांचा अभ्यास घेऊ लागली आणि नेहमीच्या रक्ततपासणीत आजार उलटल्याचे कळले, तर हा आघात पहिल्यापेक्षाही मोठा वाटतो. पुढे काय सोसायचे आहे हे या वेळी सगळ्यांना ठाऊक असते. लहान मुले आणि घराचे हप्ते असलेल्या तरुण कुटुंबाने अशा वेळी काय करावे?

पहिला प्रश्न मनात येतो, ‘आमचे काय चुकले?’ काहीही चुकलेले नसते. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या थोड्या रोगपेशी शरीरात उरू शकतात. त्या औषधाला दाद देत नाहीत आणि पुढे वाढतात. पथ्य, दृष्ट किंवा घरकामाचा थकवा यांचा याच्याशी संबंध नाही.

उलटलेल्या तीव्र ल्युकेमियात सामान्यतः पुन्हा केमोथेरपी देऊन रोग आटोक्यात आणतात व शक्य असल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण २५ टक्के असते. ती न जुळल्यास नोंदणीकृत दाता किंवा अर्धी जुळणी असलेले आईवडील, मुले यांचाही विचार होतो. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एका मुलीवर असे प्रत्यारोपण केले, तेव्हा ती देशात नवलाईची गोष्ट होती.

आता नवी मुंबईतच खारघरला टाटा मेमोरियलची ‘ॲक्ट्रेक’ संस्था आहे. तेथे जून २०२१ मध्ये देशातील पहिली ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती रुग्णाला देण्यात आली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत रोगपेशी ओळखायला ‘शिकवून’ परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातील खर्चाच्या साधारण एक दशांशात ती मिळते, तरी रक्कम लाखांतच जाते. शिवाय ती ल्युकेमियाच्या सर्व प्रकारांना लागू नाही. म्हणून आपला प्रकार नेमका कोणता, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातही पहिल्याच आठवड्यात जा. पैसे संपल्यावर जाऊ नका.

घरी काय सांभाळाल? केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीची वेळ. ‘सकाळी बघू’ म्हणू नका. रात्री गाडी कोण काढणार, मुलांजवळ कोण थांबणार, हे आधीच ठरवा. ताजे शिजवलेले अन्न द्या. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवा; पाहुणचार नंतर होईल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. मुलांच्या लसी देण्यापूर्वीही त्यांना विचारा. आणखी एक गोष्ट: प्रत्यारोपणाचा विचार असेल तर सख्ख्या नातेवाईकांचे रक्त रुग्णाला चढवणे टाळतात. मित्र, शेजारी आणि कचेरीतले सहकारी यांनी मात्र प्लेटलेट देण्यासाठी पुढे यावे. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात.

आणि मुलांचे काय? ‘आई गावाला गेली’ असे सांगू नका. शाळेत, जिन्यात त्यांच्या कानावर काहीतरी येतेच. ‘आईचे रक्त आजारी आहे, औषधाने तिचे केस जातील, हे तुझ्यामुळे झालेले नाही, आणि ती रुग्णालयात असताना आजी तुझ्याजवळ असेल,’ एवढे साधे व खरे सांगा. ‘आई बरी होईल ना?’ असे मुलाने विचारले तर खोटे वचन देऊ नका. ‘डॉक्टर आणि आपण सगळे त्यासाठीच झटतो आहोत,’ हे उत्तर खरे आहे आणि मुलाला ते पेलते.

शेवटी, शेजाऱ्यांनो, ‘काही लागले तर सांगा’ म्हणून थांबू नका. मंगळवारचा डबा किंवा मुलाला शाळेत सोडणे, असे एक नेमके काम अंगावर घ्या. त्या घराला त्याचाच खरा आधार होतो.