श्रद्धाभंग आणि कर्तव्य

बाळपणीं घरांतून मिळालेली धर्मश्रद्धा प्रौढपणीं बुद्धीला पटेनाशी झाली, तर त्या श्रद्धेनें शिकविलेलें सदाचरणहि तिच्याबरोबर जावें काय? जॉर्ज एलिअट या टोपणनांवानें विख्यात झालेल्या इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या आयुष्यांत हा प्रश्न केवळ वादविवादाचा राहिला नाहीं. तो घराच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपला.

तिचें खरें नांव मेरी ॲन इव्हान्स. जन्म १८१९ सालीं, वॉर्विकशायर परगण्यांत. वडील एका जमीनदारीचे कारभारी असून इंग्लंडच्या प्रस्थापित पंथाचे सरळमार्गी अनुयायी होते. शाळेंतील एका शिक्षिकेच्या सहवासानें मुलीची धर्मवृत्ति मात्र वडिलांहून कितीतरी उत्कट झाली. कादंबरीवाचनसुद्धां तिला त्या वयांत आत्म्यास अपायकारक वाटे!

१८४१ सालीं पितापुत्री कॉव्हेंट्री शहरालगत राहावयास आलीं. तेथें चार्ल्स ब्रे या रेशमी फितींच्या कारखानदाराशीं तिचा परिचय झाला. त्याचा मेहुणा चार्ल्स हेनेल यानें ख्रिस्ती धर्माच्या उगमासंबंधीं लिहिलेला ग्रंथ १८३८ त प्रसिद्ध झाला होता. बहिणीच्या मनांतील शंका दूर कराव्या म्हणून हेनेलनें हा शोध आरंभिला. परंतु शुभवर्तमानांतील वृत्तांत इतर ऐतिहासिक लेखांप्रमाणें तपासतां, येशूची नीतिशिकवण थोर असली तरी चमत्कारांना पुरावा नाहीं, अशा निर्णयाप्रत तो येऊन पोंचला. या ग्रंथाचा मेरी ॲनच्या मनावर खोल परिणाम झाला.

२ जानेवारी १८४२ रोजीं, रविवारीं, तिनें प्रार्थनामंदिरांत जाण्याचें नाकारलें. वडील अत्यंत संतप्त झाले. बिऱ्हाड मोडण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्याशीं समोरासमोर बोलणें अशक्य झाल्यामुळें तिनें फेब्रुवारींत त्यांना पत्र लिहिलें. जें मनास पटत नाहीं त्याचा देखावा करणें हा दंभ होईल, असें तिचें म्हणणें होतें. अखेर मे महिन्याच्या सुमारास तडजोड झाली: तिनें वडिलांसमवेत प्रार्थनेस जावें, तेथें बसून विचार कोणता करावा, हा तिचा अधिकार.

ही माघार होती काय? पुढील वर्षीं एका मैत्रिणीस लिहितांना तिनें याचा खुलासा केला. नव्यानें बंधमुक्त झालेल्या मनाला सर्वांनीं आपलेंच मत स्वीकारावें असें वाटतें. परंतु बुद्धीचें ऐक्य दुर्लभ असून माणसांना जोडणारा खरा दुवा भावनेच्या सत्याचा आहे, असा तिच्या लिहिण्याचा आशय आहे. तिच्या नव्या श्रद्धेचा पाया येथेंच घातला गेला.

या पायावर तिनें जें उभारलें त्यांत जुन्याचा तिरस्कार नव्हता. श्ट्रौस या जर्मन पंडिताच्या येशूचरित्राचें तिनें केलेलें इंग्रजी भाषांतर १८४६ त निघालें. क्रूसारोहणाच्या कथेची चिरफाड करतांना ती व्याकुळ होई, आणि समोर ठेविलेली ख्रिस्तमूर्ति पाहून तिला धीर येई. १८५४ त तिनें फायरबाखचा ग्रंथ भाषांतरित केला. ईश्वराच्या ठायीं कल्पिलेली दया व प्रेम हे मानवाचेच उत्तम गुण होत, हें त्याचें प्रतिपादन तिला मान्य होतें. तरीहि १८५९ च्या ‘ॲडम बीड’ मध्यें, फांशीची शिक्षा झालेल्या मुलीच्या कोठडींत रात्र काढणारी मेथॉडिस्ट उपदेशिका डायना मॉरिस तिनें किती आदरानें रंगविली आहे!

यावर आक्षेप घेणारा कांहीं सामान्य माणूस नव्हता. ख्रिस्ती ईश्वराला सोडलें कीं ख्रिस्ती नीतीवरील हक्कहि जातो, असें नीत्शेनें १८८८ त लिहिलेल्या ग्रंथांत एलिअटचें नांव घेऊन बजाविलें. तर्काच्या दृष्टीनें हा आक्षेप सहज टाळतां येण्यासारखा नाहीं. परंतु तिनें आपल्या मताचा पुरावा प्रथम ग्रंथांत नव्हे, घरांत दिला होता. ज्या वडिलांशीं तिचें मत जुळलें नाहीं, त्यांची शुश्रूषा तिनें १८४९ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत केली. परलोकांतील फळाची आशा तेव्हां तिला उरली नव्हती. शेजारच्या खोलींतील रुग्ण माणसाची हांक मात्र तिला ऐकूं येत होती.