सुईतून ओलावा
‘स्किन बूस्टर’ म्हणून टोचतात ते बहुतेक वेळा हायलुरॉनिक आम्ल. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले, आता जिवाणूंकडून बनवून घेतात. ते पाणी धरून ठेवतं. त्याचे मोठे रेणू क्रीममधून खोलवर शिरत नाहीत, म्हणून सुई. त्वचेतलं नैसर्गिक आम्ल एक-दोन दिवसांत मोडतं; बऱ्याच जेलमध्ये मात्र रेणू एकमेकांना सांधलेले असतात, तेव्हा कुठे ते काही महिने टिकतं. चेहरा टवटवीत दिसतो, हे खरं. वय उतरतं, हे जाहिरातीतलं. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारं हायलुरॉनिडेज जिथे हाताशी नाही, त्या खुर्चीवरून सरळ उठून यावं.